ओढ्यापलीकडे अडकलेली कोरीन

८ जून
आजपासून जुना पूल बंद. पूर येऊ नये म्हणून सिटीवाल्यांनी ओढा रुंद केला, आणि मग लक्षात आलं की पूल आखूड पडतोय. धन्य आहे! कोरीन कालच पलीकडे बहिणीकडे गेली, दोन सुटकेसेस घेऊन. मी तिचं ऐकत नाही म्हणे. माझे कान ठणठणीत आहेत. बिचारी बायको पलीकडे अडकली ना आता!

१९ जून
हायवेवरून वळसा आहे. पण तेवढा वळसा घालून कोण घरी येईल? शेजारचा ऑर्व्हिल म्हणाला, "का रे वेंडेल, पोस्टमन रोज पलीकडून येतो की." पोस्टमनला पगार मिळतो.

४ जुलै
फटाके बघायला काठावर गेलो. पलीकडच्या काठावर कोरीन! मी हात हलवला. तिनं दोन बोटं वर केली. जुन्या पुलावर एकच गाडी मावायची, म्हणून समोरच्याला "आधी तू ये" सांगायला आम्ही सगळे स्टिअरिंगवरून अशीच दोन बोटं उचलायचो. विरघळली म्हणायची!

५ जुलै
ऑर्व्हिलला सांगितलं. तो म्हणाला, "अरे गाढवा, ती बोलावतेय तुला. जा की!" जाणारच आहे. पण नव्याकोऱ्या पुलावरून, ऐटीत. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत होईल म्हणतात. तोवर खिम्याचं मीटलोफ करायला शिकायचं, पोर्च रंगवायचं, कमी बोलायचं.

२ सप्टेंबर
मीटलोफ करपलं. दोष ओव्हनचा. कमी बोलणं मात्र उत्तम जमतंय. घरात कुणीच नाही.

थँक्सगिव्हिंग, दुपार
पुलाचे नुसते खांब. डब्यातलं सूप प्यायलो. कोरीन पलीकडे काठावर आली, कोट न घालता, बराच वेळ उभी राहिली. मी पडद्याआडून बघत होतो. पण आत्ता गेलो तर पुलाची सगळी मजाच जाईल.

१० फेब्रुवारी
कोरीन हल्ली काठावर दिसत नाही. थंडी फार आहे. तिचे गुडघे दुखत असतील.

१२ मे, सकाळ
पूल झाला! मेयरनी फीत कापली. मी केस कापून घेतले, टाय लावला, ट्यूलिप घेतले. पोर्च राहिलं. रंगाचा ब्रश वाळलाय. संध्याकाळी कोरीन घरी असेल.

१२ मे, संध्याकाळ
दार तिनंच उघडलं. पूल छान झालाय म्हणाली. आत ये म्हणाली नाही. मला "घरी चल" म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "दोन लेन आहेत." ती म्हणाली, "थँक्सगिव्हिंगला मी तुझंही ताट मांडलं होतं, वेंडेल. सगळे जेवून उठले तरी उचललं नाही." आवाज चढवला नाही तिनं. चढवला असता तर बरं झालं असतं. फुलं घेतली, थँक्यू म्हणाली, दार लावलं.

परत येताना पुलावरून यायचा धीर झाला नाही. हायवेवरून वळसा घालून आलो. रेडिओवरच्या दहा मिनिटांच्या बातम्या संपायच्या आत घर आलं. इंजिन बंद करून गाडीतच बसलो आणि खूप रडलो.