बेवारस करवतींबाबत खुलासा

फरीदाबाद,
रविवार, ९ नोव्हेंबर

आदरणीय बळवंतराव यांना गुणवंतचा दोन्ही हात जोडून नमस्कार.

अकरा वर्षांनी पत्र लिहितो आहे, तेव्हा आधी प्रकृतीची चौकशी. तुमचा गुडघा कसा आहे? (डावा की उजवा ते मला माहीत नाही. सरला दर रविवारी तुमच्याशी फोनवर बोलते तेव्हा मी बाल्कनीत जाऊन बसतो, आणि बाल्कनीपर्यंत 'गुडघा' एवढाच शब्द येतो.) स्वरूपावहिनींना नवीन गोळी मानवली का? इकडे आम्ही ठीक आहोत. हवा नोव्हेंबरातल्यासारखीच, म्हणजे समोरची इमारत दुपारी जेवणाच्या सुमारास दिसू लागते आणि चहाच्या वेळी जाते. सरला तुमच्या भावजींच्या, म्हणजे माझ्या, नावाने रोज दोनदा उसासा टाकते. यात नवीन काही नाही.

तुमच्या अक्षताच्या लग्नाची पत्रिका पोचली. कागद चांगला आहे. पाकिटावर 'सौ. सरला' एवढंच नाव होतं, आणि अक्षर तुमचं होतं, त्यामुळे छापखान्याची चूक म्हणून सोडून देता आलं नाही. मला वाईट वाटलं, हे लिहायला हरकत नाही. ही मुलगी आमच्या क्वार्टरच्या पायरीवर बसून माझ्याकडे पाढे शिकली आहे आणि सतराच्या पाढ्याला अजूनही माझीच आठवण काढत असणार. पण हे पत्र त्याबद्दल नाही. तुमच्या चेनसॉबद्दल तर मुळीच नाही. त्याबाबत माझं म्हणणं आमच्या केतकीच्या लग्नात, भर पंगतीत, तुम्ही हातात जिलबी धरून 'गुणवंतरावांनी माझी करवत पचवली' असं जाहीर केलंत तेव्हा होतं तेच आजही आहे. वादळात पडलेला शेवगा स्कूटरवरून उचलण्यासाठी मी ती तुमच्याकडून नेली, शेवगा कापला, आणि तुम्ही निवृत्त होऊन वाईला निघालात त्याच्या आदल्या आठवड्यात निळ्या पिशवीत घालून तुमच्या दारात ठेवली. निळी पिशवी मला डोळ्यांसमोर दिसते. वहिनींनी 'पिशवी मिळाली' असा निरोपही दिला होता. यापेक्षा स्वच्छ पुरावा मी छत्तीस वर्षांच्या सरकारी नोकरीत कुठल्या फायलीत पाहिला नाही.

पत्र लिहिण्याचं कारण वेगळं. गेल्या रविवारी सरलाने तुम्हाला सांगितलं की मी हल्ली दुकानोदुकानी फिरून टाकून दिलेल्या चेनसॉ गोळा करतो. त्यावर तुम्ही 'मन खात असेल' असं म्हणालात. (त्या दिवशी फोन स्पीकरवर होता.) तर हा त्याचा खुलासा. मन खात नाही. मे महिन्यात इथे आंधी आली आणि सोसायटीच्या फाटकावर गुलमोहोर आडवा झाला. कमिटीची मीटिंग भरली. नवीन चेनसॉ विकत घ्यायला कुणी तयार नव्हतं. मी सहज म्हणालो की दुरुस्तीच्या दुकानांत आणि डीलरांकडे अशा कितीतरी बंद मशीन धूळ खात पडलेल्या असतात, तीन मेलेल्यांतून एक जिवंत सहज उभी राहील. सरकारी मीटिंगमध्ये सहज बोलू नये हे मला पक्कं ठाऊक होतं. सोसायटीच्या मीटिंगलाही तोच नियम लागतो हे त्या दिवशी कळलं, आणि मी उपसमितीचा निमंत्रक झालो. उपसमितीत दुसरं कुणी नव्हतं.

सुरुवात नोएडापासून केली. तिथल्या एका डीलरकडे मागच्या खोलीत वॉरंटीत परत आलेल्या सहा मशीन होत्या. त्याने त्यातली एक दिली, तीही मी निघून जावं म्हणून. मी ती बाजाराच्या पिशवीत घातली, वर दोन जुड्या पालक ठेवला आणि मेट्रो स्टेशनवर गेलो. तपासणीच्या पडद्यावर पालक दिसत नाही, करवतीचे दात मात्र फार सुंदर दिसतात. जवान सभ्य होता. मी त्याला सांगितलं की हे मशीन चालत नाही, आणि तसं लिहून सही करून द्यायचीही तयारी दाखवली. तो म्हणाला, "अंकल, चलती नहीं तो ले क्यों जा रहे हो?" हाच प्रश्न सरलाही विचारते, पण तिच्या हातात वायरलेस नसतो. मी मशीन डीलरला परत करून पालक घेऊन घरी आलो.

नंतर पानिपत. (मराठी माणसाने पानिपतला जाताना घरी सांगू नये. सरलाने कशासाठी जाताय हे न विचारताच नको म्हटलं.) तिथे एका दुकानदाराने पोतंभर सुटे भाग दिले, त्यात पाच कार्ब्युरेटर, दोरी तुटलेले चार स्टार्टर आणि एका मिक्सरचं झाकण होतं. पोतं घेऊन परत येताना गाडीत माझ्या शेजारी चादरींचे व्यापारी बसले होते. त्यांनी मला भंगारवाला समजून धंदा कसा काय चाललाय असं आपुलकीने विचारलं. मीही मंदी आहे म्हणून सांगितलं. निवृत्तीनंतर माझ्या कामाबद्दल कुणी इतक्या आस्थेने बोललं नव्हतं.

खरं काम झालं ते इथेच, धरमपाल भाटी याच्या दुकानात. तो पंप, गवत कापायची मशीन, चेनसॉ असं सगळं दुरुस्त करतो. त्याच्या फळीवर नऊ चेनसॉ ओळीने पडून होत्या, प्रत्येकीच्या हँडलला तारेने बांधलेला पुठ्ठ्याचा टॅग. लोक दुरुस्तीला टाकतात आणि परत येत नाहीत. भाटी म्हणाला, "बाऊजी, छह महीने कोई ना आया तो समझो गया. आप ले जाओ." दुसरा कुणी असता तर रिक्षा करून नऊच्या नऊ घेऊन गेला असता. पण बळवंतराव, दुसऱ्याची वस्तू मालकाच्या लेखी संमतीशिवाय उचलायची हे माझ्याच्याने होईना. (हे वाक्य वाचून तुम्ही चष्मा काढून पुसला असणार. पुसा.) मी भाटीला सांगितलं की आधी प्रत्येक मालकाला नोटीस द्यावी लागेल. टॅगवरच्या नंबरावर तीन वेगवेगळ्या दिवशी फोन करायचा, उत्तर नाही आलं तर पत्त्यावर पोस्टकार्ड, तीस दिवस मुदत, आणि मगच मशीन बेवारस. शिवाय मालक आलाच तर मशीन फक्त त्याच्याच हातात, सही घेऊन द्यायचं. शेजारी, मेहुणा, ड्रायव्हर कुणी चालणार नाही. हे सगळं मी नियमावलीच्या रूपात हिंदीत टाइप करून आणलं. भाटीने ती भिंतीवर लक्ष्मीच्या फोटोखाली लावली.

आता पुढचं ऐका. मला वाटलं होतं की मालक म्हणतील, घेऊन जा बुवा. तसं एकही म्हणाला नाही. जे मशीन तीन-तीन वर्षं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, ते कुणीतरी मागतो आहे म्हटल्याबरोबर सगळ्यांना हवंहवंसं झालं. फार्महाउसचा माळी दुसऱ्या दिवशी सकाळीच हजर. एक निवृत्त कर्नल आपली चेनसॉ पोटाशी धरून गेले. एक बाई आल्या, त्यांच्या यजमानांनी टाकलेली होती आणि यजमान गेल्याला दोन वर्षं झाली होती. नियमात मालक म्हणजे कोण हे लिहायला मी विसरलो होतो, तेव्हा तिथल्या तिथे पेनाने दुरुस्ती केली. त्यांनी सही केली आणि टॅगवरचं यजमानांचं अक्षर बराच वेळ बघत बसल्या. मशीन त्यांनी भाटीकडेच ठेवलं, टॅग तेवढा घेऊन गेल्या.

असं करत आठांचा निकाल लागला. भाटीची फळी जवळजवळ रिकामी झाली, त्याची अडकलेली मजुरी सुटली आणि तो मला पाहिल्याबरोबर खुर्ची पुसू लागला. आता तो इतर दुकानदारांना माझा नंबर देतो. त्या बाईंची चेनसॉ तेवढी मला रीतसर मिळाली असती, पण ती घ्यावीशी वाटली नाही. नववीचा टॅग तेलाने इतका काळा झाला होता की पुसून पुसून कसाबसा फोननंबर आणि अर्धा पत्ता लागला. ही एका बंद पडलेल्या दुकानातून पोत्यासकट भाटीकडे आली होती. नियमाप्रमाणे मी तीन दिवस तीनदा फोन केला. नंबर अस्तित्वात नाही. पोस्टकार्ड टाकलं, ते 'येथे राहत नाही' असा शेरा घेऊन परत आलं. तीस दिवस संपले, आणि मी ती बेवारस म्हणून घरी आणली.

तोपर्यंत सोसायटीने एक माणूस बोलावला होता. तो साधी हातकरवत घेऊन आला, एका सकाळीत गुलमोहोर तोडून, फांद्या रचून, चहा पिऊन गेला. उपसमिती बरखास्त झाली. तेव्हा मन खाण्याचा यात काही संबंध नाही, हे आपल्या लक्षात आलंच असेल. वहिनींना नमस्कार, अक्षताला आशीर्वाद. पत्राचं उत्तर पाठवलंच पाहिजे असं नाही.

आपला,
गुणवंत

ता. क. सरला लग्नाच्या चार दिवस आधी येते आहे. तिला स्टेशनवर घ्यायला कुणी तरी पाठवा, पुण्यात उतरल्यावर ती दिल्लीतल्यासारखी रिक्षावाल्यांशी हिंदीत भांडते.

ता. क. दुसरा. नववी चेनसॉ मी बाल्कनीत वर्तमानपत्रावर ठेवून रॉकेलने पुसत होतो. सरला दोरीवरचे कपडे काढायला आली, तिने टॅग उचलला, नंबर वाचला आणि म्हणाली, "अहो, हा आपल्या क्वार्टरचा जुना फोननंबर." एवढं म्हणून ती कुकर लावायला आत गेली. बळवंतराव, माणूस स्वतःचा नंबर कधी फिरवत नाही, म्हणून तो त्याला ओळखू येत नाही. पोस्टकार्डही मी स्वतःलाच पाठवलं होतं; अर्ध्या पत्त्यात नुसता घरनंबर आणि पिनकोड होता, तो मला तेव्हा कुणाचाही वाटला. रॉकेलने टॅग आणखी साफ केला तेव्हा खाली माझं अक्षर निघालं: 'अर्जंट', खाली दोन रेघा, सही, तारीख. शेवगा कापताना ती बंद पडली होती आणि मी आपल्या जुन्या वसाहतीच्या फाटकाजवळच्या दुकानात दुरुस्तीला टाकली होती, हे सगळं मग एकदम आठवलं. निळी पिशवीही खरीच आहे. तिच्यात वहिनींचा प्रेशर कुकर होता. अकरा वर्षं मी चुकीचा होतो आणि मोठ्या आवाजात चुकीचा होतो. माफ करा. भाटीने प्लग बदलला, तिसऱ्या झटक्याला सुरू झाली. दोष प्लगमध्येच होता.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. मशीन पार्सलने पाठवता येत नाही. नियम माझाच आहे आणि भिंतीवर लावलेला आहे: मालकाच्याच हातात, सही घेऊन. तुमच्या गुडघ्याने तुम्ही इकडे येणार नाही, म्हणजे मलाच वाईला यावं लागेल. पण बोलावणं नसताना लग्नघरात हातात करवत घेऊन शिरणं बरं दिसणार नाही. पाकीट परत पाठवत आहे. 'सौ.'च्या आधी थोडी जागा आहे, तेवढ्यात माझं नाव बसेल.