तणसाच्या रंगाची खोली

सौंदड, दिवाळीआधीचा बुधवार, १९५४

सूनबाई गेल्या वर्षी म्हणाली होती, निळीच्या भिंतींत गारठा वाटतो. म्हणून आज मुला-सुनेच्या खोलीत चुन्यात पिवळी माती कमीजास्त कालवून नमुन्याचे तीन पट्टे ओढले. मधला वाळला की भाताच्या वाळल्या तणसासारखा उबदार दिसेल, असं वाटलं. तेवढ्यात मुलगा नागपूरहून आला आणि दारातूनच म्हणाला, "कायले जीव काढून राहिले आबा? आमी काही इथं राहाले येत नाही. तिकडंच घर घेतलं."

मी एवढंच म्हणालो, "बाबू, वाळू तर दे. ओला रंग खोटा दिसते."

थांबला नाही. संध्याकाळच्या गाडीनं गेलाही.

आता मधला पट्टा वाळलाय. अगदी तणसासारखा, हवा होता तसाच. पण कोणासाठी? उद्या पुन्हा नीळच फासतो. गारठा मला एकट्यालाच तर सोसायचा आहे.