गुलाबी कागदावरचं मत

प्रिय तपासनीसबाई,

हे पत्र माझ्या धाकट्या बहिणीच्या हाती पाठवतेय. फोनच करणार होते, पण तुझ्या घरी फोनशेजारी सासरे बसलेले असतात आणि त्यांचे कान अजून तिखट आहेत. तर आत खोलीत जा, एकटी बस आणि शेवटपर्यंत वाच. उद्या सकाळी दहाच्या आत तुला हे कळायलाच हवं. तुझी नोकरी त्यावर अवलंबून आहे.

तुझं मत मला मिळालं. हो, तुझंच, आता कानांवर हात ठेवू नकोस. लिफ्ट बनवणारी आपली ऐंशी वर्षांची जुनी कंपनी दरवर्षी तो गुलाबी कागद वाटते. कंपनीविषयी मोकळेपणाने लिहा, नाव घालू नका. आणि दरवर्षी लोक चहा पाणचट आहे, पंखा कुरकुरतो, असं लिहून मोकळे होतात. पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेणार? ती सगळी मतं मी एकटी उघडते, टाचून ठेवते (म्हणून तर तू मला टाचणी म्हणतेस) आणि वर पाठवायला दोन पानांत सार काढते. एकोणीस वर्षं त्या साराचं पहिलं वाक्य एकच आहे: कर्मचारी एकंदरीत समाधानी आहेत. आता ते माझी बोटं आपोआप टाइप करतात.

तू किती काळजी घेतलीस ते बघून मला आधी हसूच आलं. अक्षर मोडून लिहिलंस, पेन बदललंस, कागद टाकलास तोही दुसऱ्या मजल्यावरच्या पेटीत. मजकूर मात्र नेमका. ब्रेकची चाचणी फक्त वहीत होते, प्रत्यक्षात होतच नाही. मार्चमध्ये आपल्या मेकॅनिकचा हात लिफ्टखाली चिरडला तो त्याच्या निष्काळजीपणामुळे नव्हे. आणि एवढं सगळं लिहून झाल्यावर, बये, खाली उजव्या कोपऱ्यात बरोबरची खूण, तुझी दोन अक्षरं आणि तारीख! सव्वीस वर्षं तपासलेल्या प्रत्येक कागदावर करतेस तशी. तू तर वाण्याच्या यादीवरही करतेस. हसता हसता मी तो कागद घाईने फाइलखाली सरकवला.

कारण नव्या साहेबांना या वर्षी सार नको होतं. सुरक्षेविषयीचे सगळे कागद द्या म्हणाले. मी कोपरा दुमडून झेरॉक्स काढली आणि तीच पुढे केली. दुमडीची रेघ उमटली होती, ती त्यांनी मला नखाने दाखवली. मग अगदी गोड आवाजात मूळ कागद उद्या दहाला मागितला. कंपनी म्हणजे कुटुंब, कुटुंबात कुणी असं पाठीमागे बोलत नाही, ही व्यक्ती कोण ते कळलंच पाहिजे, म्हणाले. मेकॅनिकची साधी चौकशीही नाही. मला इतका संताप आला, आणि तोंडातून निघालं काय, तर होय सर. डोकं दुखतंय सांगून अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि कागद पर्समध्ये घालून बाहेर पडले. घरी येऊन कोपरा कापायला कात्री घेतली, तीही खाली ठेवली. तिथे खूण करायची शिस्त फक्त तुमच्या खात्याची आणि खात्यात तुम्ही तिघीच. कापलेला कोपरा बघून शेंबडं पोरही नाव सांगेल. तुझा नवरा अंथरुणाला खिळलेला, सासरे थकलेले, पगार तुझा एकटीचा. तुला घालवायला त्यांना एक दुपार पुरेल.

आता खरं ते लिहिते, नाहीतर पुन्हा धीर होणार नाही. मागच्या वर्षीही तू हेच लिहिलं होतंस. तीच खूण होती, मी तेव्हाच ओळखली. तुला सांभाळतेय असं स्वतःला समजावलं, कागद फाडून टाकला आणि सारात लिहिलं, 'देखभालीबाबत काही किरकोळ सूचना.' तीन महिन्यांनी मेकॅनिकचा उजवा हात गेला. दवाखान्यात तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून विचारत होतीस, कुणालाच कसं कळलं नाही गं? मी नुसती तुझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले. या वर्षीचा कागद सोबत आहे, तो जाळून टाक. उद्या मी तेच सगळं माझ्या अक्षरात, माझ्या सहीने साहेबांना देणार आहे आणि ते मत माझंच होतं म्हणून सांगणार आहे. चाचणीच्या वह्या माझ्याच कपाटात येतात. एका दिवशी, एका शाईत भरलेल्या चाळीस चाचण्या मलाही दिसत होत्या. मला वाचवायला पुढे येऊ नकोस, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. मघाशी मेकॅनिकच्या घरी जाऊन त्यालाही सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर डाव्या हाताने त्याने दार लावून घेतलं. तूही तेच केलंस तरी माझी तक्रार नाही.

अजून म्हणवून घेता येत असेल तर,
तुझीच
टाचणी