चार सेकंदांचा मानपान

अप्पा, माजलगावचं तुमचं लग्नाच्या व्हिडिओंचं दुकान मी चालवते असं गावात सगळे म्हणतात, पण खरं सांगायचं तर दुकानात मी फक्त बसते आणि काम एक बटण करतं. म्हणजे झालं असं, की कॉम्प्युटरमध्ये मी एक मॅक्रो बसवून घेतला. आपण एकदा त्याला करून दाखवायचं, इथे कापलं, इतकं ठेवलं, उरलेलं उडवलं, पुढच्या तुकड्यावर गेलो. तो ते पाठ करतो आणि मग एक बटण दाबलं की तेच हुबेहूब करत राहतो, सांगाल तितक्या वेळा. न थकता, न कुरकुरता. तुम्ही असता तर म्हणाला असता, मग तुला कशाला ठेवलंय? तेवढ्यासाठीच तुम्हाला हे आजवर सांगावंसं वाटत नव्हतं.

तुमच्या हातच्या लग्नाच्या कॅसेटी मला अजून आठवतात. दोन व्हीसीआर, एक टीव्ही, आणि पॉजच्या बटणावर तुमचं बोट. मी शाळेतून आले की दप्तरासकट तुमच्या शेजारी बसते, आणि पडद्यावर तासाभरापासून मानपान चाललेला असतो. टोपी, टॉवेल, नारळ. पुढचा. टोपी, टॉवेल, नारळ. मी कंटाळून म्हणते, अप्पा, हे सगळं सारखंच तर आहे, कापा की. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणता, "लग्नात माणूस जेवला न्हाई तरी चालंल, पण कॅसेटीत दिसला पाहिजे." त्यामुळे तुमच्या हातचं लग्न तीन कॅसेटींचं व्हायचं आणि त्यातली दीड नुसत्या टोप्यांची असायची. त्या टोप्यांचा मला लहानपणापासून वैताग आहे. मॅक्रो हाती लागल्यावर मी सगळ्यात आधी हिशेब चुकता केला तो त्यांच्याशी.

या उन्हाळ्यात तेलगावची मुलगी नेकनूरला दिली, त्या लग्नाचं शूटिंग आषाढात माझ्याकडे आलं. मुलीला वडील नाहीत, चुलत्यानेच वाढवलेली. शूटिंगवाला मानपानात प्रत्येक माणसाला कॅमेरा नव्याने सुरू करतो, म्हणजे एक माणूस एक तुकडा. मी मॅक्रोला शिकवलं, प्रत्येकाचे पहिले चार सेकंद ठेव आणि बाकीचं उडव. दीडशेचा आकडा टाकला, बटण दाबलं आणि आत जाऊन भाकरीचं पीठ मळलं. चार भाकरी होईस्तोवर अख्ख्या तेलगावचा मानपान उरकला होता! मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की मी पाचवी भाकरी केली आणि ती उभ्याउभ्या तिखट-मिठाशी खाल्ली.

पेनड्राइव्ह दोन्ही घरी पोचल्यावर आठ दिवसांनी मुलीचा चुलता दुकानात आला. डोक्याला पटका, हातात पेनड्राइव्ह, आणि तो त्याने मेलेली पाल धरावी तसा धरलेला. राम राम नाही, पाणी नको. "पोरी, आमची दीडशे माणसं हायेत यात," तो म्हणाला, "एक बी ताठ कावून न्हाई?" मला काही कळेना. मी पेनड्राइव्ह लावला आणि पहिल्यांदाच तो मानपान डोळे उघडून बघितला.

अप्पा, काय सांगू! नवऱ्याचा बाप होता अंगाने ठेंगणा. वरपक्षाला टोप्या घातल्या गेल्या त्या खुर्च्यांवर बसल्या जागी. पण तेलगावकर उंचेपुरे, ते एकेक करून व्याह्यासमोर यायचे आणि टोपी घालून घ्यायला डोकं खाली करायचे. माणूस आला, वाकला, आणि तिथे चार सेकंद संपले. पुढचा आला, वाकला, संपले. दीडशे माणसं वाकली आणि एकही उठला नाही. सरपंच वाकलेला, मास्तर वाकलेला, आणि चुलता तर असा वाकलेला की नुसता पटकाच दिसतोय. नेकनूरकरांनी ते घरच्या टीव्हीवर तीनदा लावलं होतं आणि फोन करून विचारलं होतं, पाठीला काही लागलं तर नाही ना.

मी म्हटलं, "काका, कॉम्प्युटरची चूक झाली."

"कॉम्प्युटर नेकनूरचा हाय का?"

मी हसू गिळलं. पण तो हे हसण्यावारी नेणारा नव्हता. पंचमी पंधरा दिवसांवर आलेली, लग्नानंतरची पहिली. मुलीला सासरहून आणायला मुराळी म्हणून त्यानेच जायचं होतं. "आता मी त्या उंबऱ्यावर जात न्हाई," तो म्हणाला, "एकदा वाकलो ते लई झालं." दुसऱ्या दिवशी दुकानाच्या नंबरवर मुलीचाच फोन आला, आवाज दाबलेला, मागे भांड्यांचा खडखडाट. "ताई, काका येत न्हाई म्हणतेत. सगळ्या पोरी माहेरी गेल्या, मी एकलीच हाय इथं. तेवढं काकाला उठवा की." आणि रडायला लागली. तेव्हा मात्र माझी सगळी मिजास उतरली.

मूळ शूटिंग माझ्याकडे होतं. मॅक्रो बंद केला आणि हाताने बसले. एकेका माणसाला वाकू दिलं आणि उठू दिलं. बटणाला हे कधी जमलं नसतं, कारण उठायला प्रत्येकाला वेगळा वेळ लागतो. मास्तर झटक्यात उठतात, सरपंच फोटोसाठी आधी मिशी नीट करतो, एका म्हाताऱ्याला गुडघ्यामुळे अकरा सेकंद लागले आणि ते अकराही मी ठेवले. मग आला चुलता. तो वाकतो, व्याही टोपी ठेवायला जातो, पण खाली भलामोठा पटका! टोपी त्यावर बसते कुठली, ती घरंगळते. आणि चुलता ती उचलायच्या आत व्याहीच पटकन खाली वाकतो, पार त्याच्या पायाशी, आणि टोपी झटकून त्याच्या हातात देतो. दोघं हसतात आणि एकमेकांच्या गळ्यात पडतात. हे सगळं मी कापून टाकलं होतं.

चुलत्याला बोलावून दाखवलं. "थांब. पुन्हा दाव," तो म्हणाला. पाच वेळा दाखवलं. सहाव्यांदा तो खुर्चीत मागे रेलला आणि म्हणाला, "व्याही बी वाकलाय की." मग पाणी मागितलं, चहा मागितला, आणि दोन दिवसांनी नेकनूरला गेला. पंचमीला मुलगी तेलगावात होती. तिने फोनवर झोक्याचा आवाज ऐकवला मला. मला फार बरं वाटलं, अप्पा. तुमच्यानंतर इतकं बरं फार क्वचित वाटलंय.

त्या दिवशी चहा पिऊन जाताना चुलता दारात थांबून म्हणाला होता, "मशीनला माणसाचं काय कळतंय? तुझ्या बापाला कळायचं, तुला बी कळतंय." आणि मी मान डोलावली. हे लिहिते आहे ते फक्त त्यासाठी, आणि हे कुठे पाठवायचं नाही म्हणूनच लिहवतंय. मशीनवर ढकलून मी मोकळी झाले, पण दीडशेचा आकडा टाकायच्या आधी मी पहिल्या माणसावर बटण दाबून बघितलं होतं. तो वाकलेलाच राहिला. मला ते दिसलं होतं, अप्पा. मी म्हटलं, कोण बघतंय एवढं, आणि पीठ मळायला गेले.