शिवेची माती

१४ सप्टेंबर १९७५
नाल्यानं जागा बदलली! माझा नकाशा वाया. शाळेच्या भिंतीवर माझ्या वर्गातल्या पोरांसाठी 'आपला तालुका — इतिहास आणि भूगोल' रंगवून राह्यलो होतो. आमचं जांबगाव अन् पलीकडचं हिवरी, मधात निळा नाला काढला होता. पुरानं तो दोन शेतं हिवरीकडं सरकवला. मागं काळ्याभोर गाळाची पट्टी उघडी पडली. काठावरचा आमच्या वस्तीचा मसणवटा पार वाहून गेला.

१९ सप्टेंबर
पट्टीवरून जुंपली. हिवरीच्यांनी आमच्या देवाजीचा हात कोपरापासून तोडला. लोकांनी त्याले शाळेच्या ओट्यावर आणून टाकलं. मी धोतर फाडून बांधलं, तरी रक्त थांबेना. भिंतीवरच्या तालुक्यावर शिंतोडे उडाले.
इकडच्यांनी जाऊन हिवरीच्या दोन बैलांच्या पायाच्या शिरा तोडल्या. मुक्या जनावरानं कोणाचं घोडं मारलं होतं?

२३ सप्टेंबर
तहसीलचा गिरदावर, जमिनीच्या हद्दी तपासणारा, आला. निजामाच्या काळचा नकाशा उलगडून म्हणे, "नाला ही हद है." कोणता, जुना का नवा — विचारलं तर जीपमध्ये जाऊन बसला.
मग दोन्ही गावांना एकदम माझा बा आठवला, रामाजी. शिवेचं भांडण महारानं मिटवायचं, ही जुनी रीत. शिवेची माती डोक्यावर घेऊन तो चालंल ती हद्द. खोटं चालला तर त्याचा वंश बुडतो म्हणे! निजामाच्या राज्यात आजा असा चालला होता, बा त्याच्या मागं. पण छप्पन साली धम्म घेतला अन् बानं महारकीची घुंगराची काठी चुलीत घातली.

२४ सप्टेंबर
आमचे पाटील अमृतराव अंगणात आले. बाले 'तुमी' म्हणाले — जन्मात पहिल्यांदा! बा खाटेवरून उठला नाही.
"पाटील, तो महार मेला. मी चालत नाही."
ते गेल्यावर मीच म्हटलं, बा, चाल ना एकडाव, रक्त तरी थांबंल. त्यानं माझ्याकडं पाह्यलं.
"काऊन शिकवलं तुले?"
एवढंच. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२७ सप्टेंबर
हिवरीच्या पांडुरंगराव पाटलाचा निरोप — रामाजी आमच्या बाजूनं चालला नाही तर घर पेटवू. अमृतरावाची माणसं म्हणतात, तिकडून चालला तर आमी पेटवू. पेटवणारे दोन्हीकडं, विझवणारा एक नाही. हरामखोर!

२९ सप्टेंबर
पेटवलं.

३० सप्टेंबर
बा गेला. जळत्या घरातून त्यानं मायले बाहेर ढकललं अन् दारातच त्याच्या डोक्यात कुऱ्हाड बसली. तोंडं बांधून आले होते. इकडचे का तिकडचे, मायले सांगता येत नाही. फौजदाराला दोन्ही गावं सांगून राह्यले — समोरच्यांनी केलं.
बाले पुरावं कुठं? मसणवटा पुरात गेला. दोन्ही गावं म्हणाली, आमच्या रानात नको. माझं डोकं फिरलं. भर पट्टीत, मधोमध, मीच खड्डा खणला. फावडं उगारून ओरडलो, या, मायचं दूध पेला असंल त्यानं अडवून दाखवा! कोणी पुढं आलं नाही. त्रिशरण म्हटलं. जनावरांनी उकरू नये म्हणून बाच्या छातीवर धोंडा रचला.

२ ऑक्टोबर
माय जेवत नाही. मला त्या सगळ्यांचे गळे घोटावे वाटतात.

१९ ऑक्टोबर
समेट झाला. मढ्यावर नांगर घालायची कोणाची छाती नाही. धोंड्याच्या अलीकडं जांबगाव, पलीकडं हिवरी. दोघा पाटलांनी मिळून धोंड्याला शेंदूर फासला, नारळ फोडला. ते गेल्यावर मी रॉकेलनं शेंदूर पुसून आलो.
उद्या शाळा तपासायला इन्स्पेक्टर येणार. भिंतीवरचा नकाशा पुरा केला. शिवेची रेघ बाच्या छातीवरून ओढली.