गाठीचं माहेर

पांढुर्णा, ६ जानेवारी

ति. सुधाताईंना विजयमालेचा सा. न. वि. वि.

फोनवर तुमचे भाऊ स्पीकर लावून बसतात, म्हणून पत्र. नागपूरला माझ्या छातीतल्या कॅन्सरच्या गाठीचा तुकडा काढला, ते तुम्हाला ठाऊकच आहे. आता डॉक्टर म्हणतात, त्यातली जनुकं तपासू आणि तुम्हालाच लागू पडेल अशी गोळी शोधू. आयुष्यात पहिल्यांदा कोणी काही खास माझ्यासाठी करून राहिलं! पण जनुकं म्हणजे खानदान, असं नात प्रणाली सांगते. उद्या अहवालात दोष माझ्या बोरगावच्या माहेराचा निघाला, तर तुम्ही साऱ्या सौंसरात बोरगावची दवंडी पिटाल. तुमच्या भावाचं टक्कल आमच्या राजूवर उतरलं, तेही तुम्ही बोरगावचंच ठरवलं होतं. म्हणून मी तपासणीच्या कागदावर सही केली नाही. सहीशिवाय औषध सुरू होत नाही म्हणे. न होवो.

लोभ असावा; टोमणे नसले तरी भागेल.

विजयमाला

सौंसर, १३ जानेवारी

चि. सौ. विजयमालेस अनेक आशीर्वाद.

तुझ्या अकलेला हात जोडले. अगं, संत्र्याचं कलम विसरली का? खाली मुळाचा खुंट काटेरी जंभेरी लिंबाचा, त्यावर डोळा बांधतात संत्र्याचा. तू डोळा, चाळीस वर्षांपासून आमच्या खुंटावर. आणि डिंक्या रोग खुंटातूनच वर चढतो. म्हणजे दोष आमचा! शनिवारी जामसांवलीला मारुतीसमोर, साऱ्या बायांदेखत सांगून आली, की आमचंच खानदान खराब आहे. बोरगाव सुटलं. आता मुकाट्यानं सही कर. भांडायला मला दुसरी भावजय नाही.

सही होईतोवर लोभ बंद.

सुधा

पांढुर्णा, ५ फेब्रुवारी

ति. सुधाताईंना सा. न. वि. वि.

सही केली. अहवाल आला, गोळी जुळली, परवापासून सुरू आहे. डॉक्टरांना विचारलं, दोष कोणत्या घरचा? ते हसता हसता खुर्चीतून पडायचेच राहिले. म्हणाले, ही तपासणी खानदानाची नव्हतीच, गाठीची होती. तिच्यातला बिघाड तिचा तिनंच केला. तिला ना सासर, ना माहेर. म्हणजे गोळी खास निघाली, तीही गाठीसाठी. इथंही माझा नंबर दुसरा!

आणि तुम्ही फुकटच बदनाम झालात. तुमचे शेजारी नत्थूजी इकडे आले होते. तुमच्या घरी नेमकं काय आहे आणि ते विहिरीच्या पाण्यातून पसरतं का, विचारून राहिले होते.

येत्या शनिवारी मी जामसांवलीला येते. त्याच बायांपुढे सांगीन, खुंट ठणठणीत आहे, नुसते काटे फार.

बंद केलेला लोभ मागील बाकीसह सुरू करावा.

विजयमाला