शंकरपटाची दोन घड्याळं

३ जानेवारी १९७४, गुरुवार

पुन्हा तेच! शंकरपटाच्या सरावाला छकड्यावर चढलो, कासरा हातात घेतला आणि छाती धडधडायला लागली. तोंड कोरडं, बोटं गार. कवड्या मान वळवून बघत होता. वासरू होता तेव्हापासून त्याला मी वाढवलं — आणि उतरलो मीच. बाबांनी तांड्यावरच्या गोपीचंदला हाक मारली. माझ्याच वयाचा. टुणकन चढला, टाळ्याला जीभ लावून आवाज काढला, आणि जोडी सुटली!

बाबा ओरडले, "याले म्हणते धुरकरी!"

मग मला पाहिलं आणि जोडीमागे चालू लागले. ते जास्त लागलं.

५ जानेवारी

मालेगावला डॉक्टरांकडे. हृदय ठणठणीत आहे म्हणाले. मेंदूला धोका वाटला की तो हुकूम सोडतो. मग मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतून ॲड्रिनॅलिन रक्तात उतरतं, आणि मेंदूत त्याचं भावंड तयार होतं — नॉरॲड्रिनॅलिन. शब्द त्यांच्याकडून कागदावर लिहून घेतला, जसाच्या तसा इथे उतरवला. त्यानं छाती उडते, तोंड सुकतं, हात कापतात. सारखी धास्ती धरली तर झोप जाते, अन्न गोड लागत नाही, माणूस चिडका होतो.

विचारलं, "मग गोपीचंदला का होत नाही?"

"त्यालाही होतं. त्याला त्यात मजा वाटते, तुला भीती."

म्हणजे रसायन एकच! त्यातही गोड वाटा त्याला.

८ जानेवारी

नाडी सकाळी ७६. गोपीचंद अंगणात आल्यावर ९८.

११ जानेवारी

जेवताना बाबा मायला म्हणाले, "गोपीचंद पटात पयला आला त पाडव्यापासून त्याले सालदार ठेवतो. आपल्या घरीच राहीन."

नाही आला तर तो मुकादमाच्या ट्रकमधून दूर धरणाच्या कामावर जाणार. तांड्यातली निम्मी घरं चाललीच आहेत. मागे त्याची माय भुरीबाई एकटी. तिला डोळ्यांनी धड दिसत नाही.

माय लगेच म्हणाली, "देवमनची खाट थोडी सरकवू. दोन बसतात."

माझी खाट! समोर साप नव्हता, लांडगा नव्हता. तरी छाती तशीच उडाली. भाकर अर्धी टाकली. कोणाच्या लक्षात आलं नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

गोपीचंद तिळगूळ घेऊन आला. माय म्हणाली, "खाय बापा, किती सुकला!" दोन महिन्यांत माझ्या सदऱ्यात दुसरा माणूस मावेल असा मी झालोय. मला कोणी म्हटलं नाही.

जाता जाता तो म्हणतो, "देवमनभाऊ, नाडी पाहिली काय आज? जित्ते आहा ना?"

बाबा तर खोकला येईपर्यंत हसले. मीही हसलो. नंतर गोठ्यात जाऊन कवड्याला बोललो — नको ते बोललो.

१७ जानेवारी

पंचांची बैठक. शेवटच्या रेषेवर दोन घड्याळं ठेवायची. जोडी रेषेवर आली की दोघांनी बटण दाबायचं, आणि दोन आकड्यांत जो जास्त असेल तोच धरायचा. कोणी आपल्या माणसाची वेळ कमी दाखवू नये म्हणून. एक घड्याळ रामराव मास्तरांकडे, दुसरं माझ्याकडे. आठवीतून शाळा सुटली तरी आकडा माझा चुकत नाही, हे गावाला माहीत आहे.

मागून कोणीतरी बोललं, "मालकाचंच पोरगं कायले?"

पंजाबराव सरपंच हसले. "अरे, जास्तीचा आकडा धराचा हाय! बापाले फायदा द्याचा म्हटला तरी देता येत नाही त्याले."

सगळ्यांना पटलं. मलाही.

२० जानेवारी, रविवार

पट झाला. पहिली आली रिसोडकडची जोडी — ११.४ सेकंद. आमची दुसरी. मास्तरांच्या घड्याळात ११.२, माझ्या घड्याळात ११.८. नियमाप्रमाणे ११.८.

डॉक्टर म्हणाले होते तेच झालं. जोडी धुरळ्यातून अंगावर येताना दिसली, बोटं गार पडली, हात कापला, अंगठा वेळेवर दबला नाही. शरीराचा दोष. माझा काय इलाज!

२१ जानेवारी

कोणी रागावलं नाही! बाबा एवढंच म्हणाले, "घाबरट हात हाय. मीच नाही म्हणाले पायजे होतं."

पंजाबराव जोडी पुन्हा पळवायला तयार होते. गोपीचंदच नको म्हणाला. मला नंतर सांगतो, "तुमचा हात कापते, मले मालूम हाय ना. भर पटात लोकायनं तुमाले हसाव कायले? जाऊ द्या, भाऊ."

इथेही तोच मोठा! सगळ्यांसमोर हरूनसुद्धा!

२६ जानेवारी

शाळेत झेंडावंदन चालू असताना ट्रक आला. गोपीचंद आधी गोठ्यात गेला, कवड्याच्या कपाळावर हात ठेवून उभा राहिला. मला म्हणाला, "मायकडे ध्यान ठेवजा." भुरीबाई ट्रकच्या भलत्याच बाजूला तोंड करून हात हलवत होती. कोणीतरी तिला खांद्याला धरून वळवलं, तोवर ट्रक निघाला.

बाबा जेवले नाहीत. माझी खाट होती तिथेच आहे.

२८ जानेवारी

वीस तारखेला लिहिलं ते खोटं. हात कापला नाही. तोंड कोरडं नव्हतं, बोटं गार नव्हती. कवड्याचं नाक रेषेवर आलं तेव्हा जन्मात नव्हतो इतका मी शांत होतो. मनात म्हणालो, "एक" — आणि मग बटण दाबलं.